१ जूनचा आडोसा

सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या गावांत साठीच्या माणसांची आधार कार्डं पाहिली, तर अनेकांची जन्मतारीख १ जून निघते. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख. आजाराची माहिती ऑनलाइन जाऊ लागल्यावर ही चुकीची तारीखच त्यांचा आडोसा ठरते.

हिशेब साधा आहे. ऐंशी वर्षांत सुमारे २९ हजार दिवस येतात. स्त्री आणि पुरुष वेगळे धरले, की ५८ हजार खाने झाले. दोन हजार वस्तीचं गाव त्यांत विखुरलं, तर बहुतेकांच्या खान्यात दुसरं कोणी नसतं. रिपोर्टवरचं नाव खोडलं, तरी गाव, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर माणूस सापडतो. एकाच वर्षाचे १ जूनवाले मात्र एका खान्यात दाटीने बसतात, म्हणून थोडे झाकले जातात. दवाखान्यात जन्मलेल्या, खरी तारीख असलेल्या त्यांच्या नातवंडांना ही सोय नाही.

१९९०च्या दशकात अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी हेच दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये नावं काढून संशोधकांना दिलेल्या रुग्णनोंदी त्यांनी २० डॉलरला घेतलेल्या मतदार यादीशी जुळवल्या आणि थेट राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या उपचारांची नोंद शोधून काढली.

नुसतं नाव काढणं पुरत नाही, म्हणून संमतीला महत्त्व आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि ठरावीक कामापुरतीच दिलेली असावी लागते. कायद्यातच उदाहरण आहे: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधली संपर्क यादीही मागितली आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते. संमती मागतानाची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे आणि संमती देण्याइतकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

तोवर सवय आपणच लावून घ्यायची. आरोग्याच्या नोंदी जोडणारा चौदा अंकी 'आभा' क्रमांक ऐच्छिक आहे. दवाखान्याच्या काउंटरवर ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी हवा, हे विचारावं. रक्ताचा रिपोर्ट एखाद्या ॲपकडून समजून घ्यायचा असेल, तर फोटोत नावाबरोबर जन्मतारीख आणि पत्ताही झाकावा.

माहिती दडवून ठेवा, असं मी म्हणत नाही. आपल्या भागात कोणता आजार वाढतोय, हे नोंदींवरूनच कळतं. पण त्या अभ्यासाला बहुतेक वेळा तालुका आणि वयोगट पुरतो. गुरुजींच्या अंदाजाने जे नकळत घडलं, ते आता माहिती गोळा करणाऱ्यांनी जाणूनबुजून करायला हवं: एका खान्यात एकटा माणूस ठेवायचा नाही.