औषध आधी, शस्त्रक्रिया नंतर

लघवीतलं रक्त : भाग पाचवा

मागच्या आठवड्यात आपण दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याच्या अहवालापाशी थांबलो होतो. कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरल्याचं त्यातून कळलं. मग सीटी स्कॅन होतो आणि कधीकधी त्याच्या अहवालात आणखी एक ओळ येते : ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी मोठ्या दिसताहेत. आपल्या वणीत किंवा आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर ही ओळ घरात वाचली गेली की दोन मतं हमखास निघतात. एक म्हणतो, पसरलंय, आता पैसे घालवू नका. दुसरा म्हणतो, उद्याच कापून टाका. माझ्या मते दुसरं मत अधिक घातक, कारण ते शहाणपणाचं वाटतं.

शरीरातल्या पेशींभोवतीचा जास्तीचा द्रव रक्तात परतण्याआधी या ग्रंथींतून गाळला जातो. मूत्राशयाच्या ग्रंथी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने, ओटीपोटात खोलवर असतात. बाहेरून त्या हाताला लागत नाहीत. तिथली एकच ग्रंथी बाधित असेल तर त्याला एन-1 म्हणतात, अनेक असतील तर एन-2 आणि त्यांच्या वरच्या टप्प्यातल्या, म्हणजे सामाईक इलियाक रक्तवाहिनीजवळच्या बाधित असतील तर एन-3. त्याही वर, महाधमनीच्या कडेला रोग पोचला असेल तर तो दूरवर पसरलेला धरतात. स्कॅनला मात्र फक्त आकार कळतो. लहान ग्रंथीतही कर्करोग दडलेला असू शकतो आणि मोठी दिसणारी ग्रंथी नुसत्या जंतुसंसर्गाने सुजलेली असू शकते. आपल्याकडे तर क्षयरोगही ग्रंथी फुगवतो. म्हणून शंका असेल तिथे सुईने तपासणी करून घ्यावी.

पसरलं म्हणजे संपलं, हे म्हणणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी मूत्राशय काढलेल्या 1,054 रुग्णांची माहिती 2001 साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या 24 टक्के रुग्णांच्या ग्रंथींत कर्करोग सापडला होता आणि त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत दहा वर्षांनंतरही रोग परतला नव्हता. आकडा मोठा नाही, पण तो शून्यही नाही.

आता ‘उद्याच कापा’ याविषयी. ग्रंथींपर्यंत पोचलेल्या पेशी रक्तातून आणखी कुठे गेल्या असण्याची शक्यता बरीच असते. सुरी जिथे पोचते तिथलंच काढते. म्हणून ग्रंथी बाधित दिसल्या की साधारणपणे आधी तीन-चार सायकल केमो, मग पुन्हा स्कॅन, आणि गाठी आकसल्या असतील तरच शस्त्रक्रिया, असा क्रम ठेवतात. या क्रमाला आधार आहे तो 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीचा. 317 रुग्णांच्या त्या चाचणीत आधी केमो घेतलेल्यांचं आयुष्य मध्यकाने (मीडियन) 77 महिने भरलं, थेट शस्त्रक्रिया झालेल्यांचं 46 महिने. त्या रुग्णांच्या ग्रंथी स्कॅनवर बाधित दिसत नव्हत्या, हे नमूद केलं पाहिजे. ज्यांच्या दिसतात त्यांना तोच तर्क अधिकच लागू पडतो, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. दिग्दर्शक महेश मांजरेकरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला तेव्हा ‘अंतिम’ चित्रपटाचं चित्रीकरण चालू असताना त्यांची केमो सुरू होती आणि शस्त्रक्रिया 2021 मध्ये झाली, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे.

यातलं मुख्य औषध सिस्प्लॅटिन. बहुधा जेमसायटाबिनच्या जोडीने, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. आणि खरी अडचण इथेच आहे, कारण सिस्प्लॅटिन किडनीवर जड जातं. किडनीचं काम बऱ्यापैकी शाबूत असेल तरच ते पूर्ण मात्रेत देता येतं. आपल्या भागात लघवी लाल झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं, मग मुतखड्याचं औषध, मग ‘द्राक्षाचा माल निघू दे, नंतर बघू’. तेवढ्या महिन्यांत गाठ मूत्रवाहिनीचं तोंड दाबते, वर लघवी तुंबते, किडनी फुगते आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. उशिराने रोग वाढतो हे सगळ्यांना कळतं. उशिराने सगळ्यांत चांगलं औषधही हातचं जातं, हे मात्र कुणी सांगत नाही. असं झालंच तर निराश होऊ नये. मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट ही बारीक नळी टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात, आणि क्रिएटिनिन उतरलं की पुष्कळदा सिस्प्लॅटिन देता येतं.

केमोच्या काळात ताप आला तर वणीत गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप काही तासांत जिवावर बेततो. रात्र असली तरी दिंडोरीमार्गे नाशिक गाठा.

शस्त्रक्रियेत मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेटही, स्त्रियांत बहुधा गर्भाशय आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढतात. जितक्या वरपर्यंत ग्रंथी काढू तितकं चांगलं, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. अमेरिका आणि कॅनडातल्या 592 रुग्णांच्या चाचणीचा निकाल 2024 मध्ये आला तेव्हा त्या समजुतीला धक्का बसला. वरपर्यंत काढण्याने आयुष्य वाढलं नाही. उलट पहिल्या 90 दिवसांतले मृत्यू सुमारे 2 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर गेले. तेव्हा ‘डॉक्टरांनी थोडंच काढलं’ अशी तक्रार करण्याआधी विचार करा. नेहमीच्या हद्दीतलं नीट काढणं, हेच कौशल्याचं काम.

काढलेल्या ग्रंथींत तरीही कर्करोग सापडला तर निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध वर्षभर देण्याचा पर्याय आहे. केमोला गाठी दादच देत नसतील तर शस्त्रक्रियेचा हट्ट सोडावा. पसरलेल्या रोगात एन्फॉर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीने जुन्या केमोच्या तुलनेत आयुष्य जवळजवळ दुप्पट झाल्याचं दिसलं आहे, पण किंमत शेतकरी घराच्या आवाक्याबाहेरची. केमो आणि शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कितपत बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना एसटी आणि रेल्वेत सवलत असते. मला व्यवहार्य वाटतं ते असं : सल्ला आणि शस्त्रक्रिया जिथे अशी ऑपरेशनं नेहमी होतात तिथे, केमो त्यांच्याच लेखी सूचनेनुसार नाशिकला.

पुढच्या भागात : मूत्राशय काढल्यावर लघवी जाते कुठे? पोटावरची पिशवी आणि आतड्याचं नवं मूत्राशय.