खांद्याला लागले तर

आपल्याला गुरुजींनी सांधे शिकवले आहेत. कोपराचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा असतो. खांद्याचा सांधा उखळीचा असतो. पण ही उखळ फार उथळ आहे. बशीत लिंबू ठेवावे तसे दंडाच्या हाडाचे गोल डोके तिथे टेकलेले असते. म्हणून हात पुढे, मागे, वर कसाही फिरतो, आणि म्हणूनच खांदा लवकर निखळतो. खुब्याचा सांधा खोल वाटीसारखा आहे, तो सहसा निखळत नाही.

कबड्डीत खांद्यावर फार जोर येतो. साखळी करून पकड करताना चढाईवाला जोरात ओढतो, मग हात ताणला जातो. कधी दोन-तीन गडी एकावरच पडतात.

माझे तसेच झाले. केंद्राच्या सामन्यांचा सराव चालू होता. मी डाव्या कोपऱ्यात होतो. पकड करताना खांद्यावर पडलो आणि वरून दोन गडी पडले. कट असा आवाज आला. सगळे म्हणाले, खांदा निखळला. पण दवाखान्यात फोटो काढल्यावर डॉक्टर म्हणाले, खांदा जागेवर आहे, गळ्यापासून खांद्यापर्यंतचे आडवे हाड मोडले आहे. आजी त्याला हासळीचे हाड म्हणते. हात धडाला ह्या एकाच हाडाने जोडलेला असतो, बाकी सगळे स्नायू. लहान मुलांचा खांदा निखळत नाही तेवढे हे हाड मोडते.

असे लागले तर हात ओढू नये आणि खांदा बसवायला जाऊ नये. आजी म्हणत होती, "तेल लावून चोळून देते रे भो, बसून जाईल." पण चोळायचे नाही, मोडलेले हाड हलते. गुरुजींनी बाईंच्या ओढणीची झोळी केली आणि हात छातीशी बांधून मला दवाखान्यात नेले. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून लावावा. बोटे बधिर झाली किंवा निळी पडली तर एक मिनिटही थांबू नये.

मला प्लॅस्टर घातले नाही. वर्गातल्या मुलांना त्यावर नावे लिहायची होती, ती हिरमुसली. ह्या हाडाला बहुतेक वेळा झोळीच पुरते. रात्री उशांना टेकून बसल्यासारखे झोपावे लागते, त्याचा फार कंटाळा येतो. बोटे आणि मनगट हलवत राहायचे, नाहीतर आखडतात. आता तिथे बोराएवढा उंचवटा आला आहे. आई घाबरली होती. पण तो नव्या हाडाचा आहे, पुढे हळूहळू कमी होतो.

दुखणे थांबले म्हणजे हाड पक्के झाले असे नाही. मला तीन महिने कबड्डी बंद आहे. केंद्राचे सामने गेले. मी रडत होतो तेव्हा भाऊने सांगितले की सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर २००६ साली लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांचाही वेस्ट इंडीजचा दौरा गेला. पुढे २०१० मध्ये ग्वाल्हेरला त्यांनी एका दिवसाच्या सामन्यात नाबाद २०० धावा काढल्या.

टीव्हीवरचे खेळाडू मॅटवर खेळतात. आपल्या बोदवडकडची जमीन कापसाची काळी. पाऊस गेला की ती दगडासारखी होते. म्हणून आता मैदान खणून, खडे वेचून, पाणी मारून मगच खेळायचे असे गुरुजींनी ठरवले आहे. खणायचे काम मोठ्या मुलांकडे आहे. माझी झोळी अजून आठ दिवस आहे, पण खडे एका हाताने वेचता येतात. ते काम मी घेतले आहे.

— इयत्ता ४ थी