काजळी आणि गाळ

दशाश्वमेध घाटावर संध्याकाळच्या आरतीला बरी जागा हवी असेल, तर दिवस मावळण्याआधीच पायऱ्यांवर येऊन बसावे लागते. शंख वाजतो, थरांथरांचे दीप हातांवर उचलले जातात आणि हजारो डोळे एकाच दिशेला लागतात. त्या गर्दीच्या कडेला खाकी वर्दीतला एक जवान मात्र दिव्यांकडे पाठ करून उभा असतो. त्याच्या खांद्याला रायफल असते. ७ डिसेंबर २०१० च्या संध्याकाळी अशीच आरती चालू असताना लगतच्या शीतला घाटावर बॉम्बस्फोट झाला आणि एका चिमुरडीचा जीव गेला. तो जवान तिथे का उभा आहे, हे काशी विसरलेली नाही.

मला त्या रायफलीविषयी एक साधा प्रश्न पडतो. ती वेळेला चालेल, याची हमी कोण देतो?

ही हमी ज्याच्या हातून येते, तो घाटावर कधी दिसत नाही. पोलीस आणि लष्कर दोन्हीकडे शस्त्रे ठेवण्याच्या जागेला ‘कोत’ म्हणतात. तिथल्या बाकावर तेलाने काळे झालेले हात घेऊन आरमोरर बसलेला असतो. हा लेख त्याच्या कामाविषयी आहे.

एका गोळीची फेरी

१९६२ साली हिमालयात आपल्या जवानांच्या हाती थ्री नॉट थ्री रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग पुन्हा नेम धरायचा. समोरच्या चिनी सैनिकाच्या रायफलीत हे काम आपोआप होत होते. त्या युद्धानंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ७.६२ मिमीची सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे एसएलआर, बनू लागली. तिची मूळ रचना बेल्जियमच्या एफएएल रायफलीची. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री नॉट थ्रीला अखेरचा निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात.

एसएलआरची कामगिरी एका बारीक भोकावर अवलंबून असते. गोळी नळीतून जाताना तिच्यामागचा थोडा वायू त्या भोकातून वर शिरतो आणि दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्या बोल्टला मागे नेतो. बोल्टचा आकडा रिकामी पुंगळी ओढून काढतो, ती बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते आणि जाता जाता तो मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत बसवतो. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते; पुढच्या गोळीची तयारी मात्र रायफल स्वतः करते. ही सगळी फेरी डोळ्याची पापणी लवण्याआधी पुरी होते. म्हणूनच ती अडली, तर नेमके कुठे अडले हे डोळ्यांना दिसत नाही.

आधी कारण, मग भाग

चांगला आरमोरर रायफल हाती आली की आधी मॅगझिन काढतो आणि नळी रिकामी असल्याची खात्री करतो. मग तो पाहतो, बोल्ट कुठे थांबला आहे. दुरुस्तीची सारी अक्कल या एका पाहण्यात आहे. पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकली असेल, तर वायू कमी पडला असावा. भोकात आणि दट्ट्यावर काजळी धरली असावी. पुंगळी नळीतच राहिली असेल, तर आकड्याचे टोक झिजले किंवा मोडले असावे. पुंगळी गेली पण नवे काडतूस आले नाही, तर मॅगझिनचे ओठ वाकले असतील नाहीतर त्याची स्प्रिंग दमली असेल. काडतुसावर टोचणीची खूण फिकट असेल, तर फायरिंग पिनकडे बघायचे.

मोडलेला भाग बदलणे सोपे आहे. तो का मोडला हे शोधले नाही, तर नवाही तिथेच मोडतो. एसएलआरला वायू कमीजास्त करण्याची सोय आहे. काजळीने फेरी अडते म्हणून काजळी न काढता वायूच वाढवला, तर रायफल चालते, पण प्रत्येक गोळीला बोल्ट गरजेपेक्षा जास्त जोराने आपटतो आणि आतले भाग लवकर झिजतात. आजचा दोष अशा रीतीने उद्यावर ढकलला जातो.

बोल्ट पुढे येऊन ज्या पोलादी तुकड्यावर टेकतो, तो तुकडा तर मिलिमीटरच्या शतांशांत मोजाव्या अशा फरकाने वेगवेगळ्या मापांत येतो. कोणत्या रायफलीला कोणते माप, हे गेज लावून ठरवावे लागते. ‘साधारण बसला’ हा शब्द इथे चालत नाही. गोळीचा स्फोट जवानाच्या गालापासून वीतभर अंतरावर होतो.

पुण्याची रायफल, कारगिलची थंडी

एसएलआरची जागा घेणारी इन्सास मराठी माणसाच्या अधिक जवळची. ५.५६ मिमीची ही रायफल पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेत घडली. तिच्यातून एकेक गोळी सुटते किंवा तीन-तीनचा झोत. सैन्यात ती नुकतीच रुळत होती आणि १९९९ चा कारगिलचा उन्हाळा आला. पंधरा-सोळा हजार फुटांवरच्या गोठवणाऱ्या थंडीत तिची अर्धपारदर्शक प्लॅस्टिक मॅगझिने तडकली. काही रायफली मध्येच अडल्या, काहींतून तेल नेमबाजाच्या डोळ्यांवर उडाल्याच्या तक्रारी आल्या. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते. मॅगझिन तडकले की काडतूस सरळ वर येत नाही आणि सगळी फेरीच थांबते.

२००५ च्या ऑगस्टमध्ये नेपाळच्या कालीकोट जिल्ह्यात माओवाद्यांशी झालेल्या लढाईत नेपाळी सैन्याचे चाळीसहून अधिक जवान मारले गेले. इन्सास ऐनवेळी अडली, असे त्या सैन्याने सांगितले. भारताचे उत्तर होते की हाताळणी आणि निगा यांत उणीव राहिली असावी. हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्येक कोतात तो रोज लहान प्रमाणात घडतो. रायफल अडली की पहिला ठपका ती वापरणाऱ्यावर येतो. कधी तो खराही असतो. पण आरमोररने तिथून सुरुवात केली, तर बोल्ट कुठे थांबला हे तो पाहणारच नाही. धातू, प्लॅस्टिक, तेल, हवामान, रचना आणि सवय यांतला प्रत्येक दुवा तपासून मगच माणसाकडे वळणे, हा या कारागिरीचा धर्म आहे. इन्सासची पुढे झालेली सुधारणाही दोष दोष म्हणून मान्य केल्यावरच होऊ शकली.

जीर्णोद्धार

दशाश्वमेधाच्या दगडांनाही हा धर्म ठाऊक आहे. १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा घाट बांधला गेला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी तो पुन्हा बांधून काढला, असे इथे सांगतात. दोन्ही वेळा मराठी हात लागला. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानतात. पूर वाढला की पायऱ्या बुडतात आणि आरती छतावर करावी लागते. पाणी उतरले की पायऱ्यांवर गाळाचे थर उरतात. ते पाण्याचे फवारे मारून धुतल्याशिवाय आरतीला पुन्हा पायरी मिळत नाही. दरवर्षी गाळ येतो, दरवर्षी तो काढावा लागतो.

खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि अवजारे पुजतो, ती आधी घासूनपुसूनच. शस्त्राची पूजा मुळात त्या घासण्यातच आहे, असे मला वाटते. पुलथ्रूच्या दोरीला चिंदी लावून नळीतून ओढणारा, भोकातली काजळी खरवडणारा, तडा गेलेले मॅगझिन ‘चालेल’ म्हणून परत न देता बाजूला काढणारा माणूस ती पूजा वर्षभर करतो.

आरती संपते, लोक उठतात, पायऱ्यांवर फुले आणि मेण उरते. जवान अजून उभाच असतो. त्याच्या खांद्यावरची रायफल आजही वापरावी लागली नाही. पहाऱ्याची पाळी संपल्यावर ती कोतात परत जाईल आणि तिथे कुणीतरी ती उघडून, आजच्या दिवसात तिच्यात काय साचले ते पाहील.