मटारच्या करंज्या आणि वजनाचा काटा

थंडी सुरू झाली की बाजारात मटारचे ढीग लागतात आणि घरोघरी मटारच्या करंज्यांचा बेत ठरतो. त्याच सुमारास माझ्या दवाखान्यातही एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, वजन कमी करायचंय, पण करंजी खाल्ली तर चालेल का?"

बरीच वर्षे या प्रश्नाला माझे ठरलेले उत्तर होते, "तळलेले बंद." दोन शब्दांत काम होत असे आणि पुढचा पेशंट आत येत असे. हे उत्तर चुकीचे नव्हते, पण उपयोगाचेही नव्हते. ते मला पटवून दिले आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींनी.

वहिनींचे वय सत्तेचाळीस, वजन ७४ किलो, उंची बेताची. गुडघे दुखत होते, रक्तदाब काठावर होता आणि उपाशीपोटीची साखर ११८ आली होती. म्हणजे अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर पाऊल पडलेले. आईला मधुमेह होता, त्यामुळे त्या घाबरलेल्याही होत्या. मी सवयीने म्हणालो, "वहिनी, तळलेले बंद." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, बंद म्हणणं सोपं आहे. घरात सात माणसं. दोन तास कढईपुढे उभं राहून मी तळायचं, सगळ्यांना गरमगरम वाढायचं आणि मी नुसतं बघायचं? मग रात्री भांडी आवरताना डब्यातल्या उरलेल्या पाच-सहा खाल्ल्या जातात. उभ्याउभ्या. मोजणार कोण?"

मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "खरंच आहे त्यांचं. आणि तुमचं स्वतःचं पोट बघा आधी!" तेव्हा आमच्याच स्वयंपाकघरात तराजू आणि मापाचे भांडे घेऊन बसायचे ठरले. त्या रविवारचा हिशेब वाचकांपुढे ठेवतो.

करंजीत नेमके जड काय?

अन्नातली ऊर्जा आपण उष्मांकात, म्हणजे कॅलरीत मोजतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून किंवा तुपातून ९. म्हणजे दुपटीहून जास्त. एवढे लक्षात ठेवले की पुढचे गणित सोपे आहे.

आमच्या घरच्या नेहमीच्या रीतीने २० करंज्या केल्या. त्यासाठी मैदा २०० ग्रॅम लागला, त्याचे सुमारे ७०० उष्मांक. मोहनाला ४ मोठे चमचे तेल, त्याचे जवळजवळ ५००. सारणात मटार, फोडणीचे तेल आणि ओले खोबरे मिळून ६५०. आता तळण. कढईत मोजून अर्धा लिटर तेल ओतले होते. तळून झाल्यावर, तेल निवल्यावर परत मोजले तर ४०० मिलिलिटर भरले. जे १०० मिलिलिटर गेले ते करंज्यांत गेले, म्हणजे आणखी ८००. एकूण बेरीज २६५०. एका करंजीला १३० च्या वर.

यातला मटारचा वाटा पाहा. ३०० ग्रॅम सोललेल्या मटारचे उष्मांक जेमतेम अडीचशे! मटार बिचारा निर्दोष आहे. त्यात प्रथिने आहेत, चोथा आहे. वजन वाढवते ते मोहन, फोडणी आणि तळण, म्हणजे तेल. निम्म्याहून अधिक उष्मांक एकट्या तेलाचे आहेत.

मोहन कशासाठी असते?

मग मोहन घालूच नये का? तसे केले तर करंजी वातड होते. पिठाला पाणी लागले की त्यातल्या प्रथिनांचे लवचिक जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, करंजीला नको असते. मोहन पिठाच्या कणांना लपेटून बसते आणि हे जाळे घट्ट होऊ देत नाही, म्हणून पारी खुसखुशीत होते. बेकरीतल्या पॅटिसचे आणि खारीचे पापुद्रे सुटतात तेही स्निग्ध पदार्थाच्या जोरावरच. तेव्हा मोहन शून्यावर आणता येत नाही, पण चारावरून एकावर आणता येते. बाकीचे काम दह्याकडून आणि रव्याकडून करून घ्यायचे.

तेलाची आणखी एक गंमत आहे. पदार्थ तळला जात असताना आतल्या पाण्याची वाफ बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. पदार्थ बाहेर काढला, वाफ निवली, की वरचे तेल आत ओढले जाते. म्हणून ज्यांना तळायचेच आहे त्यांनी करंजी काढल्याबरोबर झाऱ्यावर नीट निथळावी आणि कोऱ्या टिपकागदावर ठेवावी. छापील कागदावर मात्र नको, शाई पोटात जाते. हे वर्तमानपत्र वाचावे, त्यावर तळण काढू नये!

हलक्या करंजीची कृती

२० करंज्यांसाठी कणीक १५० ग्रॅम आणि बारीक रवा ५० ग्रॅम घ्यावा. त्यात १ मोठा चमचा तेल कडकडीत तापवून घालावे आणि पिठाला चांगले चोळावे. मीठ, चिमूटभर ओवा आणि २ मोठे चमचे दही घालून लागेल तसे पाणी घेऊन भिजवावे. तळायच्या करंजीला आपण पीठ घट्ट भिजवतो, हे त्याहून सैल हवे. घट्ट पीठ भाजले की करंजी दगडासारखी होते. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे.

सारणाला ४०० ग्रॅम सोललेले मटार घ्यावेत, म्हणजे नेहमीपेक्षा १०० ग्रॅम जास्त. ते भरड वाटावेत. २ छोटे चमचे तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करून आले-मिरची परतावी, मटार घालून झाकण ठेवून वाफ आणावी. मग झाकण काढून पाणी आटू द्यावे. मीठ, लिंबू, भरपूर कोथिंबीर आणि २ मोठे चमचे ओले खोबरे घालावे. शेवटी १ मोठा चमचा डाळ्याचे पीठ घातले की उरलेला ओलावा शोषला जातो. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, नाहीतर पारी आतून ओली राहते.

लाट्या लहान कराव्यात, पारी पातळ लाटावी, सारण पोटभर घालावे. कडेला पाण्याचे बोट लावून नीट दाबून मुरड घालावी. काट्याने प्रत्येक करंजीला दोन-तीन टोचे द्यावेत, म्हणजे वाफ निघून जाते आणि करंजी फुटत नाही. सगळ्यांवर मिळून २ छोटे चमचे तेल बोटाने चोळावे.

ओव्हन असेल तर आधी तापवून १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजावे, मध्ये एकदा उलटावे. ओव्हन नसला तरी अडत नाही. नानकटाई करतो तसे जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या मीठ पसरावे, त्यावर अडणी ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे. तेल लावलेल्या ताटलीत करंज्या मांडून मध्यम आचेवर अर्धा तास ठेवाव्यात. नॉनस्टिक भांडे यासाठी वापरू नये. हल्ली काही घरांत एअर फ्रायर आला आहे, त्यातही होतात.

आता हिशेब. पीठ ७००, मोहन १२०, सारण ५००, वरचे तेल ८०. एकूण १४००, म्हणजे एका करंजीला ७० च्या आसपास. जवळजवळ निम्मे.

चवीबद्दल खरे सांगतो. तळलेल्या करंजीचा खुसखुशीतपणा हिला येत नाही. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या घासाला नाक मुरडले. मात्र मटारची चव हिच्यात जास्त कळते, आणि गरम असताना ताट रिकामे झाले हेही खरे.

किती खायच्या?

खरी गोम इथे आहे. "हलकी आहे" म्हणून दुप्पट खाल्ल्या तर सारा हिशेब जागच्या जागी राहतो. तीन करंज्यांत पिठाच्या मानाने एक पोळी आणि सारणाच्या मानाने अर्धी वाटी मटारची उसळ जाते. तेव्हा तीन करंज्या, वाटीभर कोशिंबीर आणि टोमॅटोचे सार हे रात्रीचे जेवण समजावे. जेवणाआधीचा खाऊ म्हणून तीन खाऊन वर पूर्ण जेवण केले तर डॉक्टरला दोष देऊ नये.

मधुमेहाच्या रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे की कणीक आणि मटार दोन्हींत पिष्ट आहेच. करंजी पोळीच्या बदल्यात खावी, पोळीबरोबर नव्हे. करंजी खाल्ली म्हणून गोळी वाढवणे किंवा जेवण चुकवणे, दोन्ही धोक्याचे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मटार किती खावा हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वजन किती असावे हेही सांगतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावे. आपल्याकडच्या लोकांत उत्तर २३ च्या वर गेले की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानतात. टेप असेल तर कंबर मोजावी: पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर याच्या आत बरी. आणि घरातल्या तेलाचा डबा मोजावा. बैठे काम करणाऱ्याला दिवसाला ४ ते ५ छोटे चमचे तेल पुरते. चार माणसांच्या घरात महिन्याला ३ किलोच्या वर तेल लागत असेल, तर आधी डब्याकडे बघावे आणि मग काट्याकडे.

एकासाठी वेगळे नको

माझे म्हणणे एवढेच आहे. घरातल्या एका माणसाचे, आणि ते माणूस बहुधा घरची बाईच असते, ताट वेगळे करून वजन उतरत नाही. सर्वांसाठी तळायचे आणि तिने उकडलेले खायचे, हा नेम आठ दिवसांत मोडतो आणि मोडल्याचा दोष तिलाच लागतो. त्यापेक्षा पदार्थच बदलावा, सगळ्यांसाठी एकच करावा. तेल सर्वांचेच कमी झाले तर बिघडले काय? दिवाळीला, लग्नकार्यात तळलेली करंजी खावी, आनंदाने खावी. ती दर आठवड्याची झाली की त्रास सुरू होतो.

वहिनींना मी ही कृती कागदावर लिहून दिली. औषधाच्या चिठ्ठीवर करंजीची कृती पाहून आमचा कंपाउंडर हसत होता. सोबत रोज पाऊण तास चालणे होतेच. सहा महिन्यांनी त्यांचे वजन ७० भरले, साखर १०४ आली. हा एकट्या करंजीचा प्रताप नव्हे, घरातले तेलच निम्म्यावर आले होते. पण मला सर्वांत बरे वाटले ते त्यांच्या एका वाक्याने. म्हणाल्या, "डॉक्टर, कढईपुढे उभं राहावं लागत नाही. सगळं एकदम भाजून होतं, त्यामुळे मीही सगळ्यांबरोबर बसून खाते."

बसून खाल्ले की मोजून खाल्ले जाते. या आठवड्यात मटार स्वस्त आहे. करून पाहा.