साष्टी नावाची बोट आणि माळ्यावरची ट्रंक

आज बोलूया जुन्या प्रवासी बोटींच्या वस्तू जमवण्याच्या छंदाबद्दल.

‘टायटॅनिक’ सगळ्यांना माहितीये. पण आपल्या अंधेरी-बोरिवली-मुलुंड-घाटकोपरच्या नावाचीही एक बोट होती! ही चारही ठिकाणं साष्टी बेटावर आहेत आणि साष्टीला इंग्रज म्हणायचे ‘साल्सेट’. पी अँड ओ कंपनीने 1908 मध्ये याच नावाची बोट आणली. लंडनची मोठी बोट एडनला यायची, तिथून प्रवासी आणि टपाल घेऊन साल्सेट मुंबई गाठायची.

20 जुलै 1917 ला जर्मन पाणबुडीने तिला इंग्लिश खाडीत बुडवलं. आज ती साधारण 45 मीटर खोल आहे. हौशी पाणबुडे तिथे उतरतात. पण बुडालेल्या जहाजातली वस्तू वर आणली, तर ब्रिटिश कायद्यानुसार 28 दिवसांत सरकारला कळवावंच लागतं.

त्याच वर्षी डॉ. आंबेडकर लंडनहून परतले. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती. तीही टॉर्पेडोने बुडाली. म्हणजे समुद्रात गेलेलं सहसा हाती लागत नाही. उरतं ते घरी आलेलं: मेन्यूकार्ड, सामानाची लेबलं, पोस्टकार्ड, तिकिटं.

आता अस्सल कसं ओळखायचं? मी इंजिनियर, लॉग बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. इथेही तेच.

एक, बोटीचं नाव आणि तारीख जुळवा. साल्सेटच्या मेन्यूकार्डवर 1920 असेल, तर पाकीट खिशातच ठेवा.

दोन, पी अँड ओचा झेंडा म्हणजे पांढरा, निळा, लाल, पिवळा असे चार त्रिकोण. रंग चुकला की शंका घ्या.

तीन, कपबशीवर बऱ्याचदा फक्त कंपनीचं चिन्ह असतं. मग ‘याच बोटीवरची’ हा नुसता विक्रेत्याचा शब्द. चोरबाजारात त्या शब्दाचे जादा पैसे देऊ नका.

आणि खरं सांगू? चोरबाजाराआधी घरचा माळा बघा. आपल्याकडे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की जुनी ट्रंक थेट भंगारात जाते. कुणाचे आजोबा ‘कंपाला’ किंवा ‘करंजा’ बोटीने मोम्बासाला गेले असतील, तर त्या ट्रंकेवर अजून लेबल असू शकतं. ते खरवडून काढू नका. आधी फोटो घ्या, मग घरातल्या मोठ्यांना विचारा: कोण गेलं, कधी, कशासाठी? ते लिहून ट्रंकेतच ठेवा. नाव-गाव नसलेलं लेबल म्हणजे नुसता कागद. माणसाची गोष्ट सोबत असली, तरच तो इतिहास.