आधी पत्रा, मग इंजिन

तरुणपणी विकून टाकलेली स्पोर्ट्स कार पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा घ्यायला निघालेला माणूस स्वतःला नवखा समजत नाही, आणि तिथेच त्याची फसगत सुरू होते. ब्रिटनमधल्या एमजीबीचे उदाहरण घ्या. दोन सीटांची, उघड्या छताची ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली, सर्व प्रकार धरून पाच लाखांहून अधिक, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. ज्याने ती पूर्वी वापरली त्याच्या कानात १७९८ सीसी इंजिनचा आवाज अजून असतो, गिअरच्या दांडीची आखूड हालचाल तळहाताला आठवत असते. पण त्याने वापरली तेव्हा ती दहा-पंधरा वर्षांची सेकंडहँड गाडी होती. आज सर्वांत धाकटी एमजीबीसुद्धा पंचेचाळिशीला पोचली आहे. माझे म्हणणे असे, की परतणाऱ्याने आपल्या हातांच्या आठवणीवर खुशाल विश्वास ठेवावा. डोळ्यांच्या आठवणीवर मात्र ठेवू नये. गाडी चालवायची आणि जुळवायची कशी, हे हात विसरत नाहीत. गाडी कशी होती हे डोळ्यांना आठवते, पण ती गाडी आता कुठेच नाही.

याचा पुरावा दारांखाली सापडतो. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, एमजीबीला नाही. तिची बॉडीच सगळा भार पेलते, आणि छत नसल्यामुळे तो भार मुख्यतः दारांखालच्या दोन पोकळ तुळयांवर, म्हणजे सिलवर येतो. ही सिल एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, आत उभा पडदा आणि तळाला नागमोडी घडीची पट्टी अशी तिची बांधणी असते. पाणी आणि चिखल आत शिरतो, बाहेर पडायची वाट बुजते आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत आतला पडदा बहुधा गेलेला असतो. ती नीट बदलायची तर पुढचे मडगार्ड उतरवावे लागते आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिल दोन्हींच्या आतपर्यंत गेलेली असते. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून ती घट्ट धरावी लागते. हे केले नाही तर गाडी मधोमध खचते, तशीच वेल्ड होते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. ज्याला एवढा खटाटोप नको तो कुजलेल्या सिलवर नवा चकचकीत पत्रा ठोकतो, सांध्यात पुट्टी भरतो आणि वर रंग मारतो. विकायला ठेवलेल्या गाडीत सर्वांत सुंदर दिसतो तो हाच भाग. म्हणून गाडी जॅकवर चढवून दार उघडून-मिटून पाहावे. दार अडकू लागले किंवा फट बदलली, तर विक्रेत्याने इंजिनचे कितीही कौतुक केले तरी परत फिरावे.

यावर कोणी म्हणेल, इंजिन हेच गाडीचे हृदय, ते सोडून पत्र्याचे काय घेऊन बसलात? इंजिन महत्त्वाचे आहेच, पण ते ओतीव लोखंडाचे, साधे, चार सिलिंडरचे आहे. बाहेर काढून टेबलावर खोलता येते आणि त्याचे भाग आजही मिळतात. परतणाऱ्याला त्यात दोनच गोष्टी नव्याने शिकायच्या आहेत. शिशाचे पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० साली बंद झाले, तेव्हा हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या बसवल्या आहेत का, हे विचारायला हवे. आणि २०२१पासून तिथले साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे झाले, जे जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. इथेनॉलचे वीस टक्के मिश्रण भरणाऱ्या महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

बाकी सारे हातांना आठवते. दोन एसयू कार्बोरेटर जुळवताना रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनेने किंचित उचलायचा. इंजिनचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. वाढतच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बंद पडू लागले तर कमी. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यायचे. या कामांना संगणक लागत नाही, आणि माझ्या मते माणूस परततो तो याच कामांकडे. वेगाकडे नव्हे. सुरुवातीच्या ९५ अश्वशक्तीच्या एमजीबीला आज बहुतेक साध्या गाड्या मागे टाकतील.

म्हणूनच ‘नवी स्पोर्ट्स कार का घेत नाही’ हा आक्षेप मला अर्धाच पटतो. नवी गाडी वेगवान आहे, तिचे ब्रेक चांगले आहेत, तिच्यात एअरबॅग आहेत. सुरक्षिततेच्या बाबतीत जुनी गाडी तिच्या जवळपासही येत नाही, हे मान्य करून मगच गाडी घ्यावी. पण बिघाड कुठे आहे हे मालकाला स्वतः ऐकून, हाताने चाचपून कळावे, ही सोय नव्या गाडीत फारशी उरलेली नाही. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुजलेली गाडी पूर्ण उभी करण्याचा खर्च बहुतेकदा तिच्या बाजारभावाला ओलांडतो. मूळ साच्यांवर काढलेली नवी कोरी बॉडीसुद्धा १९८८पासून मिळते, पण ती घेऊन गाडी पुन्हा बांधणे हे स्वस्त काम नाही. हाच हिशेब मला पुन्हा पत्र्याकडे नेतो: चांगल्या बॉडीची, थकलेल्या इंजिनची गाडी घ्यावी, उलट कधीच नको.

घेतल्यावर ती झाकून ठेवू नये. उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकट थर बसतो, ब्रेकचे रबर अडकते, क्लच प्लेट चिकटते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना मे २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. ती सवलत घेऊ नये असे मला ठामपणे वाटते. सिल आतून कुजते हे एकदा कळल्यावर, वर्षातून एकदा परक्या, निष्पक्ष डोळ्यांनी गाडी खालून पाहायलाच हवी.

आणि गाडी पाहायला जाताना एक छोटा चुंबक खिशात ठेवा. सिलवर आणि मडगार्डच्या खालच्या कडांवर तो धरून पाहा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टी जाड आहे. मात्र १९६०च्या दशकातल्या गाडीच्या बॉनेटला तो चिकटला नाही तर घाबरू नका. ते मुळातच ॲल्युमिनियमचे आहे.