बोलून बसणे

बोलून बसणे हे मराठीतील एक संयुक्त क्रियापद आहे. परिणामांचा विचार न करता, रागाच्या, घाईच्या किंवा भावनेच्या भरात एखादी गोष्ट बोलणे आणि नंतर त्या बोलण्यात अडकणे, असा त्याचा अर्थ होतो.

रचना

'बोलून' हे 'बोल' या धातूला 'ऊन' प्रत्यय लागून झालेले धातुसाधित असून 'बसणे' हे सहायक क्रियापद आहे. येथे 'बसणे'चा मूळ अर्थ उरत नाही. "अध्यक्ष दोन शब्द बोलून बसले" या वाक्यात बोलणे आणि आसनस्थ होणे अशा दोन क्रिया आहेत. म्हणून ते संयुक्त क्रियापद नव्हे. "तो भलतेच बोलून बसला" यात मात्र क्रिया एकच आहे. 'बोलत बसणे' याचा अर्थ बराच वेळ बोलत राहणे असा वेगळा आहे.

'बसणे' अकर्मक असल्यामुळे भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. "त्याने शब्द दिला", परंतु "तो शब्द देऊन बसला". निषेधार्थी रूप मुख्यतः ताकीद देताना येते : "काहीबाही बोलून बसू नकोस."

जवळचे प्रयोग

• बोलून जाणे : नकळत बोलणे. यात दोष सौम्य असतो. "थोर माणसे बोलून गेली" असा गौरवार्थी प्रयोगही होतो.
• बोलून टाकणे : मनातले ठरवून, एकदाचे सांगून मोकळे होणे.
• बोलून दाखवणे : मनातील भावना किंवा नाराजी शब्दांत व्यक्त करणे.
• बरळणे : तापात, झोपेत किंवा नशेत असंबद्ध बोलणे. बेजबाबदार वक्तव्यालाही हा शब्द तुच्छतेने लावतात.

महाभारतातील कुंतीचे उदाहरण या छटा स्पष्ट करते. आणलेली भिक्षा पाचही भावांनी वाटून घ्यावी, असे ती न पाहताच बोलून गेली. ती भिक्षा म्हणजे द्रौपदी आहे हे कळल्यावर, आपण काय बोलून बसलो, असे तिला झाले.

व्यवहारातील वापर

जेथे तोंडी शब्दाला मोल असते, तेथे हा प्रयोग विशेष आढळतो. दिंडोरी, निफाड या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षपट्ट्यात बागेवर आलेल्या व्यापाऱ्याशी किलोमागचा दर अनेकदा तोंडीच ठरतो. अशा वेळी "घाईत कमी दराला हो म्हणून बसलो" या वाक्यात चूक आणि शब्द पाळण्याचे बंधन दोन्ही येतात. "बोलून गेलो" म्हणणारा शब्दाची जबाबदारी हलकी करतो. "बोलून बसलो" म्हणणारा ती स्वीकारतो. म्हणून दुसऱ्याचे म्हणणे सांगताना यांपैकी कोणते क्रियापद निवडले, यावरून बोलणाऱ्यावर किती दोष ठेवला आहे हे समजते.

'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण याच वृत्तीवर बोट ठेवते.